मिठाची झोळी

१

योगेंद्रला कर्जतमध्ये एकही माणूस विचार करण्याच्या लायकीचा वाटत नसे, आणि हे तो लपवतही नसे. कॉलेजातले सहकारी म्हणजे पगाराच्या तारखेला जागे होणारे ठोकळे. विद्यार्थी म्हणजे बाकांवर ठेवलेली दप्तरं. भिसेगावातल्या त्याच्या सोसायटीचे सभासद तर टाकीच्या पाण्यावरून भांडण्यासाठीच जन्माला आले होते. वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून या गृहस्थाने मनापासून मान दिला तो एकाच प्राण्याला, आणि त्या प्राण्याला डोकंच नव्हतं.

दिवाणखान्यात, टीव्हीच्या जागी, त्याने काचेची मोठी टाकी ठेवली होती आणि तिच्यात पाच तारामासे. दर दुसऱ्या शनिवारी टेंपोतून समुद्राच्या पाण्याचे ड्रम यायचे. त्याची बायको हर्षला शेजारणींना सांगायची, "लोक समुद्र बघायला अलिबागला जातात, आमच्याकडे तो टेंपोने येतो." शेजारणी हसायच्या. योगेंद्र हसायचा नाही.

तारामाशाला मेंदू नसतो. तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं असतं, पण त्याला मेंदू म्हणणं म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीला पुढारी म्हणण्यासारखं. पाच हात, प्रत्येक हाताखाली नळीसारखे ढीगभर पाय. प्रत्येक पाय आपल्यापुरता चिकटतो, ओढतो, सुटतो. हुकूम देणारं कोणी नाही, तरी सगळा प्राणी एका दिशेने जातो. दिशा बदलायची तर तो वळतही नाही. मागचा हात पुढचा होतो, झालं. ज्या हाताला ओढ जास्त, तो पुढे. एखादा हात अडकलाच तर तो तिथेच सोडून बाकीचा प्राणी चालू लागतो, आणि सुटलेला हात पुढे बराच वेळ एकटाच चालत राहतो. योगेंद्रला हे सगळं फार स्वच्छ वाटे. माणसांत असं काही नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चहा घेताना त्याच्या लक्षात आलं की पाचही तारामासे टाकीच्या एकाच कोपऱ्यात, एकमेकांवर चढून बसलेत.

२

त्याने आधी खिडकीला दोष दिला आणि पडदा ओढला. मग अन्नाला दोष दिला आणि शिंपले समोरच्या कोपऱ्यात टाकले. शिंपले तसेच राहिले. मग पंपाला, मग पाण्याला, मग हर्षलाला दोष देऊन झाला.

शेवटी त्याने आणि हर्षलाने मिळून पाणी अर्धं उपसलं आणि टाकी गोल फिरवली. आता तो कोपरा दाराकडे आला. दुपारी कॉलेजातून येऊन पाहतो तर पाचही जण काच सोडून तळावरून निघालेले. कान दिला तर पाय सुटण्याचा बारीक आवाज येत होता, ओला कागद फाडावा तसा. संध्याकाळपर्यंत ते टाकीच्या नव्या कोपऱ्यात, पण खोलीच्या जुन्याच दिशेला जाऊन चिकटले. भिंतीपलीकडे तिकडे पार्किंग होतं, त्यापलीकडे भातशेतं, आणि फार पलीकडे खालापूरच्या अंगाचे डोंगर.

"त्यांना तिकडे जायचंय," हर्षला म्हणाली.

"त्यांना काहीही 'जायचं' नसतं. तू स्वयंपाक बघ."

पण तो स्वतः रात्री जेवताना ताट घेऊन टाकीसमोर बसला. नेमकं कुठे चाललेत हे त्याला कळायला हवं होतं. हे कुतूहल शास्त्रीय आहे, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

३

त्याच सुमाराला एका शास्त्रीय नियतकालिकाला त्याने पाठवलेला लेख परत आला. संपादकांनी लिहिलं होतं की मेंदूशिवाय पाय एकत्र कसे चालतात हे तारामाशाबद्दल आधीच बऱ्याच जणांनी मांडलंय. दुसरं एखादं उदाहरण जोडता येईल का? योगेंद्रने संपादकांची अक्कल काढली आणि मग त्याला कॉलेजच्या सहलीत पाहिलेली एक वाडी आठवली.

डोंगरातल्या त्या ठाकरवाडीला रस्ता नव्हता. आजारी माणूस खाली डांबरी रस्त्यावर आणायचा तर लांब बांबूला घोंगडीची झोळी बांधायची, पुढे तीन गडी, मागे तीन, आणि तासभराची उतरण. सहा डोकी आणि एकही डोकं नाही, असं योगेंद्रने वहीत लिहिलं आणि त्या वाक्यावर तो खूश झाला.

वाडीत जाऊन त्याने पहिल्यांदा विचारलं, "तुमच्यात पुढारी कोण?"

"कोन नाय," जैतू म्हणाला. तिशीतला तो गडी झोळीला नेहमी सगळ्यांत पुढे असायचा.

"मग वळा, थांबा, हे कोण सांगतं?"

जैतूने जरा विचार केला. "बोजा सांगतो, सर. खांद्याव घेतला का पाय जात्यात."

योगेंद्रने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण लेखाला हे छान होतं. त्याला फक्त भरपूर फेऱ्या हव्या होत्या, आणि आजारी माणसं काही वेळापत्रकाने आजारी पडत नाहीत. म्हणून तो पुढच्या खेपेला माणसाच्या वजनाचं खडेमिठाचं पोतं घेऊन आला.

जैतूची आई चिमा झोपडीच्या दारात बसून मोहाची फुलं निवडत होती. पोतं बघून ती उठली. "ह्या झोळीत?"

"हो."

"नाय. झोळीत जित्ता मानूसच जातो. परत येताना बांबूसुदा आमी खांद्याव आनत नाय, हातात धरून आनतो."

"का?"

"नाय आनत."

हे उत्तर योगेंद्रने तिच्यादेखतच वहीत टिपून घेतलं, खाली दोन रेघा मारून. मग तो जैतूकडे वळला. दिवसाची मजुरी देतो, आणि वाडीने केलेल्या रस्त्याच्या अर्जाचं मी तहसीलच्या साहेबांशी बोलतो, माझी ओळख आहे, असं त्याने सांगितलं. साहेबांना त्याने आयुष्यात एकदा, तेही लांबून, पाहिलं होतं. रस्त्याचं नाव काढल्यावर मात्र गडी पोत्याजवळ सरकले. जैतूची बायको सोमी पोटावर हात ठेवून आत उभी होती. तिला आठवा सरत आला होता.

"बोजा जित्ता आसला का त्याला कुठंतरी जायाचं आसतं," चिमा मुलाला म्हणाली. "मिठाला कुठं जायाचंय रं?"

जैतूने पोतं झोळीत घातलं.

४

पहिली फेरी सकाळी दहाला निघाली. योगेंद्र मागून चालला. उजव्या हातात मोबाईल, चित्रण चालू. डावा हात बांबूच्या शेपटाकडच्या टोकावर. झोका किती बसतो ते हाताला कळावं म्हणून.

सुरुवातीला बारा पायांचे बारा आवाज होते. मग आठ झाले, मग चार. अर्ध्या उतरणीला सगळ्यांचं पाऊल एकदमच पडायला लागलं, एकच थप्प, जरा वेळाने पुन्हा एकच थप्प. योगेंद्रला आनंद झाला. तारामासेही वेगात असले की असेच सगळे पाय एका तालात टाकतात.

वाटेत एक काटेसावर लागते, लाल फुलांनी लगडलेली. तिथून पायवाट डावीकडे रस्त्याला उतरते. झोळी तिथे आली आणि उजवीकडे गेली.

उजवीकडे वाट नव्हती. वाळलं गवत आणि धोंडे. सहा माणसं त्यात सरळ शिरली, कोणी मान वळवली नाही.

"अरे! ए! रस्ता इकडे!"

थप्प. थप्प.

योगेंद्र हात सोडून धावत पुढे गेला आणि जैतूसमोर आडवा उभा राहिला. झोळी थांबली. सहाही जण आत्ताच जाग आल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले.

"कोणी वळवलं?"

मागच्यांनी मधल्यांकडे बोट केलं, मधल्यांनी पुढच्यांकडे. सगळ्यांत पुढे जैतू. "मी नाय, सर. मागनं रेटा आला तसा गेलो."

"वा," योगेंद्र म्हणाला. चुकीचं वळणसुद्धा सगळ्यांच्या मिळून होतं आणि एकाचंही नसतं! लेख छापला जाणार याची त्याला खात्री पटली. आपण बांबू सोडला तेव्हाच झोळी थांबली, हे चित्रणात स्पष्ट दिसत होतं. ते त्याने चार वेळा पाहिलं आणि चारही वेळा त्याला दिसलं नाही. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाचं असं होतं.

५

अकरा फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी झोळी सावरीपाशी उजवीकडे वळे आणि प्रत्येक वेळी योगेंद्र आडवा येईपर्यंत आदल्यापेक्षा थोडी पुढे जाई. सहाव्या फेरीला त्याने गड्यांच्या डोळ्यांवर फडकी बांधली. धोंड्याला ठेच लागेल, कोणी पडेल, असं वाटलं होतं. कोणी अडखळलं नाही. फडकी बांधलेली सहा तोंडं किंचित वर उचललेली होती, आणि पाय धोंडा आला की आपापले बाजूला पडत होते. पोतं मात्र वर नेताना ओलं लागायचं. मार्चच्या उन्हात, कोरड्या डोंगरावर, ते खालून पाझरत होतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, योगेंद्रने स्वतःला सांगितलं. हे खरंच होतं. हवेत पाणी नव्हतं, एवढंच.

घरी त्याने मोबाईलच्या नकाशावर दोन रेघा काढल्या. एक सावरीपासून झोळी जाते ती. दुसरी भिसेगावच्या टाकीच्या कोपऱ्यातून. दोन्ही रेघा डोंगरातल्या एका खोलगटाला जाऊन मिळाल्या. नकाशावर त्या जागेला नाव नव्हतं.

"दोन रेघा कुठेतरी मिळणारच," तो मोठ्याने म्हणाला.

"कुणाशी बोलताय?" हर्षलाने आतून विचारलं.

दुसऱ्या दिवशी गडी नकोच म्हणाले. विकास नावाचा एक तरुण तर हात जोडून म्हणाला, "सर, काल मी सरपन आनाया गेलो तर पाय तिकडंच वळलं. डोक्याव मोळी, आन् पाय तिकडं."

चिमा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. "सायेब, तुमी पायांना सवय लावली. सोमीचं दिस भरलं. पोटात प्वार आडवं हाय, दायीच्या हातचं नाय ते, तिला दवाखान्यातच न्यायची हाय. ह्याच पायांनी. आता तिला कुठं नेतील हे?"

"आजी, सवय लागायला मेंदू लागतो," योगेंद्र म्हणाला आणि आपल्या विनोदाला आपणच हसला. "बाराव्या फेरीला खोलगटापर्यंत जाऊ. मग बंद. मला फक्त बघायचंय तिथे काय आहे."

हे तो अगदी सहज बोलून गेला. पण त्याला त्या आठवड्यात झोप लागली नव्हती, आणि झोप न लागण्याचं कारण लेख नव्हता.

६

बाराव्या फेरीला तो वाडीत पोचला तेव्हा पोत्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. सोमीला पहाटेपासून कळा येत होत्या आणि काहीतरी अडलं होतं. टेकाडावर जाऊन कोणीतरी फोन लावला होता; दवाखान्याची गाडी खाली रस्त्यावर येऊन उभी होती. झोळीत सोमी होती, तोंडात पदर कोंबलेली. सहा गड्यांनी खांदा दिला.

"मी पण येतो," योगेंद्र म्हणाला आणि नेहमीच्या जागी जाऊन चालू लागला.

एकच थप्प. पहिल्या पावलापासून.

सावर आली. सगळ्यांना डावी वाट दिसत होती, खाली रस्त्यावरची पांढरी गाडीसुद्धा दिसत होती. झोळी उजवीकडे वळली.

"आवो, तिकडं!" सोमी ओरडली. "रस्ता तिकडं हाय! आवो!"

जैतू रडत होता. रडत होता आणि चालत होता. "पाय ऐकत नाय गं. सोमे, पाय ऐकत नाय!"

विकासने हातांनी स्वतःची मांडी धरून ठेवायचा प्रयत्न केला. मांडी त्याच्या हातातून चालत गेली. झोळीखाली गवतावर लाल थेंब पडत होते आणि त्यावरून मागच्यांची पावलं जात होती. आधी कधीच आले नव्हते इतके पुढे ते आले होते. समोर जमीन खाली उतरायला लागली होती आणि तिथून वास येत होता. हा वास योगेंद्रला पक्का ठाऊक होता, दर दुसऱ्या शनिवारी टेंपोतून ड्रम उतरताना येणारा.

"थांबवा रे! थांबा!" तो ओरडत होता. माणूस असा ओरडला की आपण काहीतरी करतोय असं त्याला वाटतं.

चिमा धापा टाकत मागून आली. ती जैतूकडे गेली नाही, सोमीकडेही नाही. ती योगेंद्रपाशी येऊन थांबली.

"हात सोडा, सायेब."

"मी काय धरलंय?"

त्याने खाली पाहिलं. त्याचा डावा हात बांबूच्या टोकावर होता. बाराही वेळा होता.

"मिठाला कुठं जायाचं नव्हतं," चिमा म्हणाली. "तुमाला होतं."

तेव्हा त्याला कळलं. सहा जणांना रस्त्यावर जायचं होतं, सोमीला जगायचं होतं, आणि त्या सगळ्यांच्या मागे एकजण होता ज्याला फक्त तिथे काय आहे ते बघायचं होतं. ज्या हाताला ओढ जास्त, तो पुढे. ही गोष्ट तो वीस वर्षं फळ्यावर लिहीत आला होता. इतका मूर्ख माणूस आपल्याला या तालुक्यात दुसरा भेटलेला नाही, असं त्याच्या मनात स्वच्छपणे आलं.

त्याने बोटं उघडायला पाहिली. ती उघडेनात. तळवा बांबूला आतून ओढून धरल्यासारखा चिकटला होता. आणि खरं सांगायचं तर त्याला अजूनही बघायचं होतं. इतक्या जवळ येऊन, दहा पावलांवर.

झोळीतून सोमीचा पाय बाहेर आला होता. टाच भेगाळलेली, बोटं आवळलेली. ती आता ओरडत नव्हती. त्याला भीती वाटली, स्वतःसाठी नाही, त्या गप्प झालेल्या पायासाठी. अशी भीती त्याला कोणासाठी शेवटची कधी वाटली होती ते आठवेना.

"तिला सोड," तो आपल्याच हाताला म्हणाला. "तिला सोड. मी येतो."

हात सुटला. तळव्याची कातडी बांबूवर राहिली.

७

झोळी थांबली. ती वळली नाही. सहाही जण जागच्या जागी नुसते पाठमोरे झाले, सगळ्यांत मागचा विकास सगळ्यांत पुढे आला, आणि ते आले होते त्याच्या उलट, सावरीकडे निघाले. बारा पायांचे बारा आवाज, घाईचे, अडखळणारे. चिमा त्यांच्यामागून धावली. सावरीपाशी पोचल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, आणि मग सुनेच्या मागे गेली.

योगेंद्र त्यांच्यामागून निघाला. म्हणजे निघायचं त्याने ठरवलं. पाय खोलगटाकडे उतरत होते.

थोड्या वेळाने खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, दार लागल्याचा, मग भोंग्याचा. भोंगा कर्जतच्या बाजूला लांब जात गेला. जिवंत माणसासाठीच तो वाजवतात. त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यात कोणाबद्दलही तुच्छता नव्हती.

खिशात मोबाईल थरथरला. हर्षलाचा मेसेज होता. "अहो, एका माशाचा हात गळून पडलाय. बाकी सगळे कोपरा सोडून मधे आलेत. तो हात मात्र एकटाच कोपऱ्याकडे चाललाय. उचलून ठेवू का?"

हो, असं त्याला लिहायचं होतं. हो, उचल. हातात घे, कुठेही ठेव, पण त्याला चालू देऊ नकोस. अंगठ्याने त्याने 'उच' एवढं लिहिलं आणि रेंज गेली.

आता मातीला ओल होती. पावलागणिक ती पायांना धरून ठेवत होती आणि सोडत होती, ओला कागद फाडावा तसा आवाज करत. आपले बूट कुठे निघाले ते त्याला आठवेना. आणि पावलं दोन असायला हवी होती. आवाज दोनाचा नव्हता.

खोलगटाच्या काठावर तो थांबला नाही, पण त्याला दिसलं. भर दुपारचं ऊन होतं, सगळं दिसण्याइतकं. तळाशी माणसं उभी होती, एकामागे एक, रांगेने, सगळ्यांच्या माना मधल्या बाजूला खाली घातलेल्या, त्यामुळे डोकी दिसत नव्हती. प्रत्येकाचा एक खांदा झुकलेला होता, वर बांबू असावा तसा. बांबू नव्हता. मध्यातून बाहेर फुटलेल्या अशा तीन रांगा त्याला दिसल्या. उरलेल्या दोन कुठे असणार हे कळायला मान वळवायची गरज नव्हती.

सगळ्यांत जवळच्या रांगेत, शेपटाकडे, एका माणसाची जागा मोकळी होती.

"मला फक्त बघायचं होतं," योगेंद्र म्हणाला. ऐकायला कान असलेलं तिथे कोणी नव्हतं. मग त्याचा डावा खांदा, त्याला न विचारता, हळूहळू खाली झुकू लागला.